अनफिट ठरवलेली मुलगी

आमच्या विभागात ‘अनफिट’ हा शब्द रोग्याला लागत नसे. रोगी आजारी आहे हे सगळ्यांनी मान्यच केलेलं असायचं. तो शब्द लागायचा त्याच्या शेजारी बसलेल्या धडधाकट माणसाला. आई, भाऊ, बायको, जो कोणी आपली एक किडनी काढून द्यायला आलेला असेल त्याला. हा शब्द माणसांना समोर बसवून सांगण्याचं काम मी हैदराबादच्या एका खासगी हॉस्पिटलात अकरा वर्षं केलं. त्याआधी वीस वर्षं वॉर्डात साधी नर्स होते. मागच्या वर्षी रिटायर झाले. आता सुलतान बाजारातल्या आमच्या मंडळाचे सेक्रेटरी दिवाळी अंकासाठी तीनदा फोन करून म्हणाले, “सिस्टर, नोकरीतले अनुभव लिहा, लोकांना गंमत वाटेल असे.” गंमत थोडीच आहे. ती आधी सांगून टाकते.

माझ्या टेबलावर लांबलचक इंग्रजी हुद्द्याची पाटी होती, पण लोक मला ‘किडनीवाली सिस्टर’ म्हणत. काम असं की किडनी निकामी झालेल्या माणसाला दोनच वाटा असतात. एक तर आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, म्हणजे डायलिसिस. नाहीतर दुसऱ्याची किडनी बसवून घ्यायची. ती अपघातात वगैरे मेंदू बंद पडलेल्या माणसाची मिळू शकते, त्यासाठी सरकारी यादीत नाव लावून वाट बघत बसावं लागतं. किंवा मग घरातलं कोणी देतं. देणाऱ्याच्या तपासण्या भरपूर. रक्तगट जुळतो का, साखर आहे का, बीपी, मुतखडे, दोन्ही किडन्या नीट गाळतात का. माणूस एका किडनीवर जन्म काढू शकतो, पण ती उरलेली शंभर नंबरी असावी लागते. डॉक्टर रिपोर्ट बघून फाइलवर फिट किंवा अनफिट लिहायचे. ते घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं काम माझं. तेलुगू, दखनी, मराठी, तिन्ही भाषांत मी वाईट बातमी सांगू शकते, याचा मला थोडा अभिमान आहे.

देणारे कसे कसे यायचे! एक वडील मुलासाठी आले होते. आधार कार्डावर वय एकाहत्तर, तोंडाने सांगायचे अठ्ठावन्न. केस काळेभोर, आणि शर्टाच्या कॉलरला काळा रंग लागलेला. मी त्या कॉलरकडे पाहिलं तशी त्यांनी मान आत घेतली. एकदा दोन जावांनी लघवीच्या तपासणीचे डबे आपसात बदलले, कारण धाकटीला साखर होती आणि दिरासाठी तिलाच द्यायची होती. जुन्या शहरातले चार भाऊ एकदम आले. वडिलांना कोण देणार यावर माझ्या खोलीतच भांडण. तपासणीत थोरल्याला जन्मतः एकच किडनी असल्याचं निघालं. तो बाहेर बाकावर बसून पोरासारखा रडत होता. “सिस्टर, चारों में मैंच निकम्मा निकला.” मी म्हटलं, “भाई, अल्लाने आपको एकच दिया, वो आपके पास रहने दो.” त्यावर तो रडतारडता हसला. लोकांना वाटतं अवयव देताना माणसं मागे सरतात. मी पाहिलेली बहुतेक माणसं पुढेच सरत होती, आणि मी त्यांना मागे ढकलत होते.

परत ढकललं गेल्यावर कसं वाटतं हे मला माहीत होतं. आम्ही बौद्ध, मूळचे नांदेडकडचे. वडील नोकरीसाठी इकडे आले, अंबरपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत माझं बालपण गेलं. शाळा इथली, तेलुगू येत होतं, उन्हाळा इथलाच सोसला. नर्सिंगच्या सरकारी जागेसाठी अर्ज घेऊन गेले तर खिडकीतल्या माणसाने जातीचा दाखला पाहून कागद परत सरकवला. दाखला वडिलांच्या गावचा, दुसऱ्या राज्यातला, तो इथे चालत नाही. “तुम्ही अपात्र,” असं तो म्हणाला, आवाजात राग नाही, काही नाही. मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मी नंतर दुसरीकडून शिकले, नोकरीही केली, पण तो कागद सरकवणारा हात अजून आठवतो. म्हणून मी ठरवलं होतं, आपण सांगताना असं सांगायचं नाही. कारण सांगायचं, समजेपर्यंत सांगायचं.

एका बाबतीत मात्र कारण सांगायचंच नसतं. आता त्याबद्दल.

देणाऱ्याला एकदा तरी एकट्याला आत घ्यायचं, दार लावायचं आणि विचारायचं की तुला खरंच द्यायची आहे का, असा आमच्याकडे नियम होता. आमचे मोठे डॉक्टर आंध्राकडचे, पण माझ्याशी दखनीत बोलायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, “सिस्टर, पहले ना बोलने का रास्ता दिखाओ. फिर पूछो.” म्हणजे काय, तर देणाऱ्याला आधी सांगायचं की तू इथे नाही म्हणालास तर बाहेर कोणाला कळणार नाही. आम्ही फाइलवर ‘दाता म्हणून अनफिट’ एवढंच लिहू. खोटा रोग लिहायचा नाही, फक्त हा एक शब्द. घरच्यांनी विचारलं तर कारण दात्याचं खासगी आहे म्हणायचं. बऱ्याच दवाखान्यांत असं करतात. घरातली सून, धाकटा भाऊ, यांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येत नाही. शब्द आमचा आणि सुटका त्यांची. अकरा वर्षांत असं अनफिट मी सात-आठ जणांसाठी लिहवून घेतलं असेल. त्यातल्या एकीची गोष्ट मला सांगायची आहे. नावं बदलली आहेत.

चिक्कडपल्लीत राहणारं एक मराठी घर. वसुधाताई, त्यांचा मुलगा निखिल आणि मुलगी मेधा. वडील पूर्वीच गेलेले. निखिल एकोणतीस वर्षांचा, कंप्युटर कंपनीत. मेधा त्याच्याहून चार वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवायची. निखिलला डोकेदुखी म्हणून दाखवायला नेलं, तर बीपी भयंकर वाढलेलं आणि दोन्ही किडन्या संपत आलेल्या. पहिल्या दिवशी तिघं माझ्यासमोर बसले तेव्हा मी मराठीत बोलतेय हे ऐकून वसुधाताईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी माझा हातच धरला. “आपलं माणूस भेटलं,” म्हणाल्या.

त्या लगेच तयार होत्या. “माझी घ्या. आजच घ्या.” पण त्यांना दहा वर्षांपासूनची साखर. लघवीतून प्रोटीन जायला लागलेलं. त्यांना नाही म्हणायला मी जवळजवळ अर्धा तास घेतला. कागदावर चित्र काढून दाखवलं, गाळणी कशी असते, साखरेने तिची भोकं कशी मोठी होतात. त्या म्हणाल्या, “अहो, मी महिनाभर गोड सोडते. भातसुद्धा सोडते.” मी म्हटलं, “ताई, तुम्ही दिलीत तर दोन वर्षांनी तुम्हीच इथे मशीनवर असाल, आणि मुलाला ते बघावं लागेल.” त्यावर त्या उठल्या. चित्राचा कागद घडी घालून घेऊन गेल्या.

उरली मेधा. तिचा रक्तगट जुळला. साखर, बीपी, स्कॅन, सगळं चोख. डॉक्टर खूश झाले. घरात तर ठरल्यासारखंच झालं होतं. वसुधाताई शस्त्रक्रियेनंतर दोन्ही मुलांना कुठल्या खोलीत झोपवायचं याचा विचार करू लागल्या होत्या. मेधाने एका शब्दानेही नाही म्हटलं नव्हतं. प्रत्येक तपासणीला वेळेवर यायची, दंड पुढे करायची, मान दुसरीकडे वळवायची.

मी तिला एकटीला आत घेतलं. दार लावलं. ती आपणहून म्हणाली, “मी तयार आहे सिस्टर. सही कुठे करू?”

मी म्हटलं, “सही नंतर. आधी ऐक.” आणि नाही म्हणायची वाट तिला दाखवली, जशी सगळ्यांना दाखवायचे.

तिने टेबलावरच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, “खरंच कोणाला कळत नाही?”

“नाही.”

“दादाला पण?”

“त्यालाही नाही.”

“मग मला नाही द्यायची.”

इतकं हळू म्हणाली की मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाली. मग म्हणाली, “कारण काही नाही, सिस्टर. भीती वाटते. त्या टेबलावर झोपायची, कापून घ्यायची. मी रोज स्वतःला समजावते, गणितासारखं मांडून बघते. दादा मला खूप आवडतो. तरी नाही.” आणि शेवटी, “मी वाईट आहे का?”

मी म्हटलं, “बाळा, हे अंग तुझं आहे. भीतीला कारण लागत नाही.” माझं ते वाक्य अजूनही मला बरोबर वाटतं. जो मनातून देत नाही त्याच्या शरीरावर सुरी चालवायची नसते. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फाइलवर ‘दाता म्हणून अनफिट’ लिहिलं.

आता माझी चूक सांगते. वसुधाताई आणि निखिलला मी बोलावलं, मेधाही बसली. मी म्हटलं, “मेधाची किडनी घेता येणार नाही. डॉक्टरांनी दाता म्हणून अनफिट लिहिलंय. कारण खासगी असतं, ते आम्ही सांगत नाही.” संपलं. वसुधाताई म्हणाल्या, “म्हणजे हिलाही?” आणि त्यांनी मेधाकडे तसं पाहिलं, जसं पहिल्या दिवशी निखिलकडे पाहत होत्या. मला तेव्हाच म्हणता आलं असतं, ताई, हिला आजार नाही, घाबरू नका. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण तसं म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, मग चालत का नाही? म्हणून मी गिळलं. मेधा खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, मुलगी सुटली.

निखिल डायलिसिसवर गेला. यादीत नाव लावलं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी यायचा, खिडकीजवळची खुर्ची त्याची ठरलेली. मोबाइलवर काम करत बसायचा, नाहीतर नर्सांना तेलुगू सिनेमांच्या गोष्टी आपल्या मनाने बदलून सांगायचा. असे चांगले दहा महिने गेले असतील. एके दिवशी मेधा एकटीच माझ्याकडे आली. वाळली होती.

“सिस्टर, मला एक कागद पाहिजे. माझ्या किडन्या ठीक आहेत असा.”

तिचं लग्न जुळत आलं होतं. पुण्याकडचं घर, मुलगा इथे गच्चीबावलीला नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मग कुठल्यातरी नातेवाइकाने सांगितलं, भावाला किडनी द्यायला गेली होती, डॉक्टरांनी अनफिट सांगितलं. मुलाच्या आईने फोनवर विचारलं, “घराण्यात आहे का हो हे?” आणि वसुधाताई, सरळ बाई, म्हणाल्या की हिलाही थोडं आहे, पण आम्ही पथ्य सांभाळतो.

“पथ्य?” मी विचारलं.

“आई दोघांचं एकत्रच करते. भाजी उकळून पाणी टाकून देते. वरण आळणी. दादाला जेवढं पाणी मोजून, तेवढंच मला. मी शाळेत जाऊन नळाला तोंड लावते. घरी केळं खाल्लं तर आई हातातून काढून घेते.” ती हसली, पण ते काही खरं हसू नव्हतं. “दादा समोर बसून तेच जेवतो. मी काय म्हणू? मला मीठ पाहिजे असं म्हणू?”

मी म्हटलं, “कागद कुठल्याही लॅबमधून मिळेल मेधा. साधी रक्ततपासणी. पण तो कागद घरी दिसला तर?”

तिने याचा विचार आधीच केला असावा. भाऊ अजून मशीनवर. तिच्या किडन्या चोख असल्याचा कागद घरात आला तर आई विचारणारच, मग दिली का नाहीस? ती खुर्चीच्या हातावर बोटाने काहीतरी रेघा ओढत बसली. मग उठली. “मग राहू दे.”

“त्या मुलाला तरी सांग. एकट्याला.”

“काय सांगू? की मी फिट आहे आणि तरी नाही दिली? त्यापेक्षा आजारी बरी.” दाराशी थांबून म्हणाली, “तुम्ही चांगलंच केलंत माझं. मी तुम्हाला काही म्हणत नाही.” लग्न मोडलं.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते मग म्हणाले, “और क्या कर सकते थे, सिस्टर?” ते खरंच विचारत होते.

त्यानंतर काही आठवड्यांनी निखिलने मला जवळ बोलावलं. मशीन सुरू होतं. आजूबाजूचे झोपलेले. तो मराठीत, अगदी सहज म्हणाला, “सिस्टर, मेधाला काही झालेलं नाही ना?”

“मी सांगू शकत नाही, माहीत आहे तुला.”

“तुम्ही काही सांगू नका. मीच सांगतो. आईच्या वेळी तुम्ही अर्धा तास बोललात. चित्र काढलंत. मेधाच्या वेळी दोन वाक्यं. तुम्ही अशा नाहीच आहात.”

मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत मला इतकं नेमकं कोणी पकडलं नव्हतं.

“लहानपणी इंजेक्शन म्हटलं की ती पलंगाखाली जाऊन बसायची,” तो म्हणाला. “मी ओढून काढायचो. या वेळी नाही काढणार. तिला कळू देऊ नका की मला कळलंय. कळलं ना, तर ती उद्या येऊन सही करेल. आणि मग मला घ्यावी लागेल.”

“तू नको म्हणू शकतोस.”

“नाही म्हणू शकणार,” तो म्हणाला. “मला जगायचंय सिस्टर. समोर आली तर मी घेईन. म्हणून म्हणतो, येऊ देऊ नका.”

मी वचन दिलं. तेव्हा मला ते मोठं वाटलं होतं, दोन्ही बाजूंची गुपितं सांभाळणं. घरी भावंडं समोरासमोर बसून आळणी वरण जेवत होती, त्याला सगळं माहीत होतं, आणि तिला वाटत होतं की त्याला माहीत नाही.

यादीतून एकदा बोलावणं आलं. नाव लावल्याला दीड वर्ष झाल्यावर. सकाळी फोन गेला, दुपारपर्यंत तिघं हजर. वसुधाताईंनी हातात देवाचा अंगारा आणला होता. निखिलने मुंडी हलवून नर्सांना सांगितलं, आता मंगळवार-शुक्रवार तुम्हाला करमणार नाही. तपासलं तर त्याला ताप होता आणि छातीत कफ भरलेला. अशा अंगावर नवी किडनी बसवली तर जंतुसंसर्गाने माणूस जातो. डॉक्टरांनी त्याच्या फाइलवर लिहिलं, आज शस्त्रक्रियेला अनफिट. किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. रोग्यालाच तो शब्द लागलेला मी त्या घराच्या बाबतीत पाहिला. निखिलच मला म्हणाला, “आता आमच्या घरात तिघंही अनफिट झाले बघा.” मेधा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तो पुढच्या उन्हाळ्यात गेला. डायलिसिसच्याच दिवशी, घरून निघायच्या तयारीत असताना, बूट घालताना. हृदय बंद पडलं. किडनीच्या रोग्यांचं असं होतं. आम्ही घरच्यांना आधी सांगतो, पण ते कोणी ऐकत नाही.

मी तेराव्यानंतर भेटायला गेले. वसुधाताई फक्त चहा घ्या म्हणाल्या. निघाले तेव्हा मेधा मला सोडायला खाली आली. चिक्कडपल्लीच्या बाजारात संध्याकाळची गर्दी, हातगाडीच्या बंड्यांवर आंबे लागलेले. आम्ही भाजीच्या दुकानापाशी ऑटोची वाट बघत उभ्या होतो. वचन ज्याला दिलं तो गेला होता. मला वाटलं, आता हे हिचं आहे, हिला द्यावं.

मी म्हटलं, “मेधा, निखिलला माहीत होतं.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले, पलंगाखालचं, ओढून काढणार नाही ते. समोर आली तर घेईन, हेही सांगितलं. गाळलं नाही काही.

“केव्हापासून?”

“दीड वर्ष तरी झालं.”

ती दुकानाच्या पायरीवर बसली. भाजीवाली म्हणाली, “एमैंदम्मा?” काय झालं बाई. मी हातानेच काही नाही म्हटलं.

“दीड वर्ष,” मेधा म्हणाली. “दीड वर्ष मी त्याच्या डोळ्यांकडे बघून बोलले नाही सिस्टर. मला वाटायचं, बघितलं तर त्याला कळेल. तो मला काहीतरी दाखवायला मोबाइल पुढे करायचा आणि मी उठून जायचे. त्याला वाटलं असेल, मला तो नकोसा झालाय.”

“त्याला तसं वाटलं नसेल.”

“तुम्हाला काय माहीत?”

मला माहीत नव्हतं. ती फार मोठ्याने रडली नाही. उठून माझ्यासाठी ऑटो थांबवला, ड्रायव्हरला अंबरपेठचा पत्ता सांगितला. ‘हे मला का सांगितलंत’ असं तिने विचारलं नाही, आणि ‘आधी का नाही सांगितलंत’ असंही विचारलं नाही. ऑटोत बसल्यावर मला दोन्ही प्रश्न पडले, आणि ते अजून तसेच आहेत.

त्याच आठवड्यात तिने आईला सगळं सांगितलं. हे मला नंतर कळलं. वसुधाताई तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, आत जाऊन बसायच्या.

माझ्या नोकरीचा शेवटचा महिना होता. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी काम शिकवत होते. दार लावायचं, वाट दाखवायची, मग विचारायचं, हा नियम मी तिला तसाच शिकवला, कारण मला त्याहून चांगला ठाऊक नाही. एवढंच जास्त सांगितलं की शब्द लिहून हात झटकायचे नाहीत, त्या माणसाला सहा महिन्यांनी फोन करायचा. ती ते वहीत लिहीत होती तेवढ्यात दारात वसुधाताई दिसल्या. मागे मेधा. मी त्या मुलीला बाहेर पाठवलं. मेधा आत आलीच नाही, बाहेरच्या बाकावर बसली.

वसुधाताई माझ्यासमोर बसल्या. खूप बारीक झाल्या होत्या. मी मनाची तयारी करून बसले. त्या ओरडतील, शिव्या देतील, मुलगा तुम्ही मारलात म्हणतील, असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, “तुम्हाला मी आपलं माणूस म्हटलं होतं.”

“हो ताई.”

“हिला तपासा. आज. माझ्यासमोर.”

रक्त घेतलं, लघवी घेतली, सोनोग्राफी केली. मेधाने दंड पुढे केला, मान वळवली. वसुधाताई प्रत्येक ठिकाणी दाराबाहेर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. दुपारी रिपोर्ट आले. मी ते त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटाने धरून विचारायला लागल्या. हा आकडा म्हणजे? ठीक आहे. आणि हा? हाही ठीक. हिला साखर नाही? नाही. खडा? नाही. पुढे होईल का काही? ताई, तिला काहीही झालेलं नाही. ती पहिल्यापासून ठणठणीत आहे.

तेव्हा त्या रडल्या. टेबलावर दोन्ही हात ठेवून, आवाज न करता. रागाने की सुटल्यासारख्या, मला ओळखता आलं नाही. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “हिने भावाला का दिली नाही ते मी तिला विचारेन. आज ना उद्या विचारेन. ते आमचं आहे. पण तीन वर्षं मी दोन मुलांसाठी रडत होते सिस्टर. दोघंही जाणार म्हणून. एक तरी धड आहे, एवढं मला सांगायचं होतंत.”

मी नियम सांगणार होते? मी फक्त “चुकलं” म्हटलं. ते अपुरं आहे हे दोघींना कळत होतं.

त्या उठल्या. दाराशी थांबल्या. “तिने दिली असती तर तो वाचला असता?”

“सांगता येत नाही. कदाचित.”

“हे तरी खरं सांगताय ना?”

“खरं सांगतेय.”

त्यांनी मान हलवली आणि बाहेर पडल्या. मेधाकडे बघितलं नाही. पुढे चालू लागल्या, मेधा चार पावलं मागे. मी दारात उभी राहून बघत होते. आमच्या मजल्यावरची लिफ्ट जुनी, फार वेळ थांबत नाही. वसुधाताई आत शिरल्या, मेधा अजून अलीकडेच होती. दार सरकायला लागलं. वसुधाताईंनी हात आडवा घातला, आणि मेधा आत येऊन उभी राहीपर्यंत काढला नाही.